स्वस्त गिटार आणि महागडे समज

इलेक्ट्रिक गिटार घ्यायची तर नामवंत अमेरिकन कंपनीचीच घ्यावी, नाहीतर घेऊच नये; स्वस्त गिटार म्हणजे निव्वळ खेळणे, चार महिन्यांत माळ्यावर जाऊन पडणारे लाकूड, असा एक समज आपल्या घराघरांतून आणि गायकवृंदांतून पक्का रुजलेला आहे. हा समज पसरविणारे लोक अडाणी नसतात. आखातातून सुट्टीवर आलेला एखादा काका असतो, वाद्यांच्या दुकानातील गोडबोल्या विक्रेता असतो, क्वचित लग्नसमारंभांतून आयुष्यभर वाजवीत आलेला कसलेला वादकही असतो. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन येते. आमचे म्हणणे असे की, हा समज एके काळी अर्धाअधिक खरा होता, आज तो जवळजवळ संपूर्ण खोटा आहे, आणि त्याची किंमत मात्र ज्यांना ती परवडत नाही अशीच कुटुंबे मोजीत आहेत.

किंमत मोजण्याचे दोन प्रकार आहेत. काही आईबाप कर्ज काढून, सोने गहाण ठेवून दीड-दोन लाखांचे वाद्य पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती देतात. मग ते वाद्य इतके मौल्यवान होऊन बसते की, पावसात नेऊ नकोस, मित्राला देऊ नकोस, धाकट्याला हात लावू देऊ नकोस, अशा सूचनांच्या भाराखाली त्याचे वाजणेच बंद पडते. दुसरा प्रकार अधिक दुःखद आहे. 'चांगली घेण्याची ऐपत नाही, आणि हलकी घेऊन काय करायचे?' असे म्हणून पुष्कळ घरांत वाद्य येतच नाही. दहा-बारा हजारांत जे साध्य झाले असते ते 'पुढच्या वर्षी बघू' या वाक्यात विरून जाते. ज्याची बोटे त्या वयात वळायची ती वळत नाहीत, आणि पुढे पैसा हाती आला तरी ते वय परत येत नाही.

प्रथम या वाद्याची जात ओळखून घेऊ. साधी गिटार आणि इलेक्ट्रिक गिटार या सख्ख्या बहिणी दिसत असल्या तरी त्यांचा स्वभाव निराळा आहे. साध्या गिटारीचा आवाज तिच्या पोकळ पेटीत घडतो. पुढची फळी किती पातळ, किती वाळलेली, आतल्या पट्ट्या कशा बसविलेल्या, यावर सारे अवलंबून असते, आणि म्हणून तिथे कारागिराच्या हाताला मोल आहे. इलेक्ट्रिक गिटारीत पोलादी तार हलते. तिच्याखाली लोहचुंबक असतो, चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तार कंप पावली की त्या वेढ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते, ती ॲम्प्लिफायरकडे जाते, आणि तिथून पुढे ध्वनी होतो. ह्या गुंडाळीला पिकअप म्हणतात. तिला लागणारे तांबे आणि चुंबक काही हिरेमाणके नव्हेत. स्वस्त गिटारीत बहुधा सिरॅमिक चुंबक असतो, महाग गिटारीत ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रणाचा. दोहोंच्या स्वरात फरक आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण तो फरक लाख रुपयांचा आहे, असे म्हणणाऱ्याने आपला कान आधी तपासावा.

स्वरांच्या शुद्धतेचे म्हणाल, तर ती गणिताची बाब आहे. फ्रेट म्हणजे सतारीला पडदे असतात तशाच मानेवर आडव्या बसविलेल्या धातूच्या पट्ट्या. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असेल, तर पहिला फ्रेट वरच्या टोकापासून सुमारे ३६.४ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर ३२४ वर यावा लागतो. या खाचा पूर्वी माणूस हाताने पाडीत असे आणि तिथे स्वस्त कारखान्याचा हात चुके. आज त्या संगणकावर चालणारे यंत्र पाडते. ही गिटार श्रीमंताच्या घरी जाणार की एखाद्या रिक्षाचालकाच्या, हे त्या यंत्राला कळत नाही. ते दोघांसाठी सारखेच कापते.

लाकडाच्या माहात्म्याविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण दुकानात सर्वांत जास्त पुराण याच विषयावर सांगितले जाते. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच घडणीच्या सहा गिटारी करविल्या, फक्त पाठीचे आणि बाजूंचे लाकूड बदलले. त्यांत दुर्मिळ ब्राझिलियन रोजवूड होते, तसेच स्वस्तातले लाकूडही होते. अंधूक उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचे चष्मे चढवून ५२ वादकांनी त्या वाजविल्या. त्यांनी दिलेले गुण सहाही गिटारींना जवळजवळ सारखे पडले. लक्षात घ्या, हा प्रयोग साध्या गिटारीवरचा होता, जिथे पेटीचे लाकूड खरोखर आवाज करते. जिथे आवाज तार आणि चुंबक यांच्यामध्ये घडतो, तिथे ठोकळ्याच्या जातीकुळीवरून हजारो रुपये अधिक मागणे हे धाडसाचेच काम म्हणायचे. (आपल्या सह्याद्रीत उगवणारा शिसव या बाजारात 'इंडियन रोजवूड' या नावाने जगभर जातो, आपल्या आजीच्या शिसवी पलंगाचे ते भावंड आहे, हे विक्रेत्याला क्वचितच ठाऊक असते.)

आता इतिहासाकडे वळू, कारण महागड्या गिटारीचे भक्त इतिहासाचीच साक्ष काढतात. ज्या गिटारी आज देव्हाऱ्यात बसविल्यासारख्या पुजल्या जातात, त्यांतील कित्येक मुळात सुलभ आणि स्वस्त उत्पादनासाठीच जन्मास आल्या. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा मनुष्य. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. १९५० साली त्याने जी गिटार बाजारात आणली व जी १९५१ पासून टेलिकास्टर म्हणून ओळखली जाऊ लागली, ती म्हणजे सपाट फळीतून कापलेले एक अंग आणि त्याला चार स्क्रूंनी जोडलेली मेपलची मान. जुन्या घराण्यातील कारागीर मान सरसाने चिकटवीत, वळणे कोरीत, आणि त्यांपैकी काहींनी या नव्या वाद्याला 'फळी' म्हणून हिणविलेही. फेंडरचा विचार कारखानदाराचा होता: भाग वेगवेगळे घडावेत, झटपट जुळावेत, एक बिघडला तर तेवढाच बदलता यावा. आज त्या 'फळ्या' संग्राहक लिलावात घेतात. गिब्सन कंपनीने १९५४ साली लेस पॉल ज्युनियर काढली ती विद्यार्थ्यांसाठी, एकच पिकअप, नक्षी नाही, चकाकी नाही. त्या काळच्या विद्यार्थ्याची ती गरीब गिटार आज कोण्या विद्यार्थ्याला परवडत नाही, हा काळाने केलेला विनोद आहे.

त्याहून पुढची पायरी न्यू जर्सीच्या नेथन डॅनियल यांची. त्यांच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने गिटारीचे अंग चक्क मेसोनाइटचे, म्हणजे लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या तक्त्याचे, केले. साध्या लाकडाची चौकट, तिला मागेपुढे हा तक्ता, आणि पिकअपला आवरण म्हणून ओठांना लावण्याच्या लिपस्टिकची नळी. सीअर्स या दुकानाच्या सूचिपत्रातून त्या सिल्व्हरटोन या नावाने घरोघर पोहोचल्या. १९६२ च्या सुमारास त्यांतील एक गिटार ६७ डॉलर ९५ सेंटला मिळे. तिच्या पेटीतच ॲम्प्लिफायर आणि स्पीकर बसविलेला असे. आईबापांनी पेटी उघडायची, तार जोडायची आणि पोराने वाजवायला लागायचे. पुढे लेड झेपलिनच्या जिमी पेज यांनी मेसोनाइटचीच डॅनइलेक्ट्रो हजारो श्रोत्यांसमोर वाजविली. शिकागोचे हाउंड डॉग टेलर जपानी हलक्या गिटारीवर ब्लूज वाजवीत. आमच्या पिढीनंतरचे जॅक व्हाइट यांनी नावारूपाला आणलेली एअरलाइन गिटार मुळात माँटगोमेरी वॉर्ड या दुकानाच्या सूचिपत्रातली, फायबरग्लासची होती. इंग्लंडच्या ब्रायन मे यांच्याकडे तर विकत घेण्याइतके पैसेच नव्हते. १९६३ पासून त्यांनी वडिलांच्या मदतीने घरीच एक गिटार घडविली. मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची, आणि तारा सैल-ताठ करण्याच्या दांडीखाली मोटारसायकलच्या स्प्रिंगा. आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी याच गिटारीच्या साथीने पुढे जग जिंकता झाला. २००२ साली ब्रायन मे बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून वाजवीत होते तेही हेच शेकोटीचे लाकूड.

येथे आमचे विरोधक म्हणतील की, ही असामान्यांची उदाहरणे झाली. प्रतिभावंत डबाही वाजवील. आक्षेप मान्य आहे. साठ-सत्तरच्या दशकांतील पुष्कळ स्वस्त गिटारी खरोखर वाईट होत्या. तारा मानेपासून इतक्या उंच की बोटांतून रक्त यावे, खुंट्या सैल, मान चार पावसाळ्यांत धनुष्यासारखी वाकलेली. आपल्या देशात १९९१ पूर्वी परदेशी वाद्य आणणे ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. जे कोणी आणीत ते बोटीवर नोकरीला असलेल्या आप्ताकरवी. बाकीच्यांची भिस्त देशी कारखान्यांवर आणि ओळखीच्या सुतारावर. कोलकात्याच्या गिवसन गिटारीने त्या काळात देशभरच्या किती बँडांना आणि गायकवृंदांना आधार दिला याची नोंद कोणी ठेवलेली नाही. गिब्सनमधल्या 'ब'चा 'व' करून घेतलेले ते नाव पाहून आज आपण हसतो, पण त्या हसण्यात थोडी कृतज्ञताही असावी. आमच्या ज्येष्ठ वादकांचा कटू अनुभव त्या काळातल्या निकृष्ट वाद्यांचा आहे, आणि तो खरा आहे. त्यांची चूक एवढीच की, १९७५ सालच्या गिटारीवरचा निकाल ते आजच्या गिटारीला ऐकवितात.

मधल्या काळात काय घडले? जपानने मनावर घेतले. मात्सुमोतो शहरातील फुजिजेन कारखान्यातून निघालेल्या नकला इतक्या उत्तम होऊ लागल्या की, १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने इबानेझच्या अमेरिकेतील वितरकाला गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून कोर्टात खेचले. वाईट नकलेवर कोणी खटला भरीत नाही. लिओ फेंडर यांनी १९६५ सालीच आपली कंपनी सीबीएसला १३० लाख डॉलरना विकली होती, आणि नंतरच्या वर्षांत मूळ अमेरिकन मालाचा दर्जा घसरल्याची तक्रार वादकच करीत होते. शेवटी १९८२ साली फेंडरने स्वतःच जपानात उत्पादन सुरू केले आणि स्क्वायर हे नाव त्यातल्या स्वस्त गिटारींना दिले. त्या पहिल्या जपानी स्क्वायर आज शोधून शोधून, चढ्या भावाने घेतल्या जातात. पुढे काम कोरियात गेले, तेथून इंडोनेशियात व चीनमध्ये. प्रत्येक वेळी जाणत्यांनी नाक मुरडले. प्रत्येक वेळी दहा-पंधरा वर्षांनी त्याच जाणत्यांनी मत बदलले, पण आपण मत बदलल्याचे कोठे जाहीर केले नाही.

या स्वस्ताईची दुसरी बाजू मात्र झाकून ठेवणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. कोरियातील कोर्ट या मोठ्या गिटार उत्पादकाने २००७ साली आपले तेथील कारखाने बंद करून कामगारांना घरी बसविले. काम इंडोनेशिया-चीनमध्ये हलविले होते. त्या कामगारांनी बारा वर्षांहून अधिक काळ लढा दिला आणि एप्रिल २०१९ मध्ये कुठे समझोता झाला. तेव्हा आपल्या हातातील स्वस्त गिटारीत कोणाचा तरी घाम आहे, आणि तो पुरेसा मोजला गेला असेलच असे नाही. १८९१ साली तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा प्रश्न मांडला, त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. प्रश्न तिथेच आहे. पण यावरून 'म्हणून महाग घ्या' असा निष्कर्ष काढणाऱ्यांना आम्ही विचारतो, महाग किमतीतला जादा पैसा कामगाराच्याच खिशात जातो हे तुम्हाला कोणी सांगितले? अमेरिकेत गिटार घडविणाऱ्या गिब्सनलाच मादागास्करच्या एबनी लाकडाच्या आयातीवरून २०१२ साली ३ लाख डॉलरचा दंड भरावा लागला. सचोटी किमतीच्या चिठ्ठीवर छापलेली नसते. तिच्यासाठी स्वस्त आणि महाग दोन्ही विकणाऱ्यांना सारखेच प्रश्न विचारावे लागतात.

आता आपल्या चर्चच्या अंगणात येऊ. 'देवाच्या घरी हलकी वस्तू कशी न्यायची?' हा युक्तिवाद आम्ही एकाहून अधिक धर्मग्रामांत ऐकला आहे. एके ठिकाणी गायकवृंदाने सणाच्या वर्गणीतून सव्वा लाखाची गिटार घेतली. ती आता कुलपात असते, किल्ली एकाकडे, आणि तो एक परगावी असला की मिस्सा कीबोर्डवर भागते. शिकू पाहणारी मुले त्या कपाटाच्या काचेतून गिटारीचे दर्शन घेतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनाविधीविषयी जो दस्तऐवज दिला त्यात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले, आणि इतर वाद्ये मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभणारी व भाविकांच्या उन्नतीला साहाय्यभूत असावीत अशी अट घातली. प्रतिष्ठा आणि उन्नती हे शब्द तिथे आहेत. किमतीचा शब्द कोठेही नाही. सव्वा लाखात दहा मुलांच्या हाती दहा गिटारी आल्या असत्या आणि त्यांतून निदान तीन वादक तयार झाले असते. भाविकांची उन्नती कशात अधिक, हे संबंधितांनी सांगावे.

शिवाय चर्चमध्ये गिटार वाईट वाजते तेव्हा दोष बहुतेक वेळा गिटारीचा नसतोच. आपले तरुण गिटारीची केबल सरळ मिक्सरमध्ये खुपसतात. या पिकअपचा संकेत त्या प्रकारच्या जोडणीला मानवत नाही. आवाज बोथट, गाडग्यातून आल्यासारखा येतो. मध्ये डीआय बॉक्स नावाची एक लहानशी डबी लावावी लागते, ती दोन-अडीच हजारांत मिळते. तीच गोष्ट गुणगुण आवाजाची. एकेरी गुंडाळीचे पिकअप आसपासच्या विजेच्या तारा आणि ट्यूबलाइट यांची घरघर पकडतातच, आणि चर्चच्या वायरिंगला धड अर्थिंग नसेल तर विचारायलाच नको. खऱ्याखुऱ्या अमेरिकन स्ट्रॅटोकास्टरचे एकेरी पिकअपही तशीच घरघर करतात. पण ती महाग असल्यामुळे तिथे इलेक्ट्रिशियनला बोलावले जाते. स्वस्त गिटार असली की गिटारीलाच दोषी ठरवून मोकळे होतात.

महाग गिटारीचे आम्ही वैरी नाही. रोज रात्री ज्याला रंगमंचावर उभे राहायचे आहे, त्याला टिकाऊ खुंट्या, गुळगुळीत घासलेले फ्रेट, न खरखरणारी बटणे यांची गरज असते, आणि त्याने ते अवश्य घ्यावे. आमचा वाद आहे तो शिकाऊ मुलाला तीच सक्ती करण्याशी. आणि दुसऱ्या टोकाला, गिटार, ॲम्प्लिफायर, केबल, पट्टा असे सर्व एका खोक्यात घालून विकल्या जाणाऱ्या अतिस्वस्त संचांचीही आम्हाला शिफारस करवत नाही. त्यातील गिटार पुष्कळदा बरी असते, पण ॲम्प्लिफायर असा असतो की त्यातून कोणतीही गिटार मांजरासारखी ओरडावी. पैसे वाचवायचे तर गिटारीत वाचवावेत, ॲम्प्लिफायरवर चार अधिक खर्च करावेत.

दुकानात गेल्यावर किमतीची चिठ्ठी पाहण्यापूर्वी गिटार बंदुकीसारखी डोळ्याशी धरून मानेवरून नजर टाकावी. ती जवळजवळ सरळ दिसली पाहिजे. फ्रेटच्या कडांवरून तळहात फिरवावा, टोचता कामा नये. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून जो स्वर निघतो आणि दाबून जो निघतो, ते दोन्ही एक आले पाहिजेत. न आले तर घाबरू नये. तारेखालचा लहानसा स्क्रू फिरवून ते जुळविता येते, आणि दुकानदाराला ते येत नसेल तर दुकान बदलावे. बाराव्या फ्रेटपाशी तार दोनएक मिलिमीटर उंच असली म्हणजे लहान बोटांना त्रास होत नाही. कारखान्यातून आलेली गिटार जवळजवळ नेहमीच थोडी जुळवून घ्यावी लागते. मानेतल्या सळईला पाव वळसा, वरच्या टोकाच्या खाचा किंचित घासणे, नव्या तारा, एवढे काम जाणकार माणूस दीड-दोन हजारांत करून देतो, आणि या कामानंतर बारा हजारांची गिटार ज्याला ओळखू आली नाही असे वादक आम्ही पाहिले आहेत. वसई असो की गोवा, आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत मान पावसाळ्यात हलते आणि तारा गंजतात. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने तारा पुसून ठेवाव्यात. महाग गिटारीच्या ताराही तशाच गंजतात.

आणि दुकानात जाण्यापूर्वी आपल्या वाड्यात, गावात एकदा चौकशी करावी. कोणाचा तरी मुलगा कॅनडाला गेलेला असतो, आणि त्याची गिटार कपाटावर, तुटलेल्या दोन तारांनिशी, पिशवीत पडलेली असते. तारांचा नवा संच काही शे रुपयांना येतो. त्या घरची मंडळी बहुधा पैसेही घेत नाहीत; एखाद्या रविवारी घरी येऊन वाजवून दाखव, एवढेच म्हणतात.